जखम भरली, धसका राहिला

एक घर डोळ्यांपुढे आणा. चार एकर जमीन, एक म्हैस, दोन पोरे, म्हातारी आई. नवरा-बायको आठवड्याचा बाजार करून ओळखीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गावाकडे निघाले होते. दिवस मावळत आला होता. ओढ्याच्या उतारावर चाक घसरले आणि ट्रॉली कलंडली. नवऱ्याच्या मांडीचे हाड मोडले. बायकोचे मनगट मोडले आणि कपाळाला खोक पडली. १०८ ची गाडी आली. दोघांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. तिला पाचव्या दिवशी घरी सोडले. त्याला मांडीत सळई बसवून तीन आठवडे ठेवून घेतले.

चार महिने झाले. हाडे जुळली, टाके सुकले. गाव म्हणाले, "देवाची कृपा, थोडक्यात निभावलं."

पण घरात काही तरी बिनसले होते. ती रात्रीची दचकून उठायची आणि पहाटेपर्यंत आढ्याकडे बघत पडायची. रस्त्याने ट्रॅक्टर गेला की हातातला तांब्या खाली पडायचा. बाजाराचे नाव काढले की तिला घाम सुटायचा. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाचं काळीज पाखराचं. त्यात दिवेलागणीची वेळ. हिला बाहेरचं काही तरी लागलंय." मग लिंबू उतरवून झाले, अंगारा लावून झाला.

त्याचे दुखणे कोणाला दुखणे वाटलेच नाही. तो अपघाताविषयी अवाक्षर काढत नसे. मात्र पूर्वीचा शांत माणूस आता भाजीत मीठ जास्त झाले तरी ताट भिरकावू लागला. मोठ्या मुलाने मोटारसायकल जोरात चालू केली म्हणून त्याच्या कानाखाली दिली. ओढ्याची वाट टाकून तो मैलभर वळसा घालून शेताला जाई आणि "इकडून रस्ता बरा हाय" असे सांगे. संध्याकाळी थोडी घेतल्याशिवाय डोळा लागेना. गडीमाणसे आपसात म्हणू लागली, "दवाखान्यातून आल्यापासून दादांचा सोभाव तापट झालाय."

वाचकहो, हे घर आम्ही या लेखापुरते उभे केले आहे. पण असे घर शोधायला तुम्हाला फार लांब जावे लागणार नाही. यातली गोष्ट नीट पाहा. अपघात एक, दवाखाना एक, आणि दोघांना झालेला आजारही एकच. तरी गावाने तिच्या आजाराला बाहेरची बाधा म्हटले आणि त्याच्या आजाराला तापट स्वभाव. दोन्ही नावे चुकीची होती. म्हणून दोघांवरही उपचार झाला नाही.

धसका म्हणजे काय?

आपल्या भाषेत या आजाराला जुना आणि नेमका शब्द आहे, धसका. "पोरानं पाण्याचा धसका घेतलाय," असे आपण सहज म्हणतो. डॉक्टर त्याला आघातानंतरचा ताणविकार म्हणतात. दवाखान्यात त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव पीटीएसडी असे ऐकू येते. जिवावर बेतणारा प्रसंग ओढवला, अंगावर मोठी जखम झाली, बलात्कार झाला, किंवा असे काही दुसऱ्यावर ओढवलेले डोळ्यांदेखत पाहिले, तर तो होऊ शकतो.

वस्तीवरच्या कुत्र्याचे उदाहरण घ्या. चोर आला की भुंकायचे आणि एरवी निवांत पडायचे, हे त्याचे काम. पण एकदा वस्तीवर मोठी चोरी झाली, कुत्र्यालाही मार बसला, की ते पुढे पान हलले तरी रात्रभर भुंकत राहते. माणसाच्या मेंदूतही असा एक राखणदार असतो. धोका दिसला की तो छातीची धडधड वाढवतो, हातपाय ताठ करतो, पळायला किंवा झुंजायला तयार करतो. मोठ्या आघातानंतर हा राखणदार कधी कधी शांतच होत नाही. धोका टळलेला असतो, पण त्याला ते पटत नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तशातली ही गत.

याची लक्षणे साधारण चार तऱ्हांची. पहिली, प्रसंग पुन्हा पुन्हा समोर उभा राहतो, स्वप्नात येतो, जागेपणीही येतो, जणू आत्ताच घडत आहे असा. दुसरी, त्याची आठवण करून देणारी जागा, वस्तू, बोलणे माणूस टाळू लागतो. तिसरी, मन कोमेजते. कशात गोडी वाटत नाही, आपल्या माणसांतही परके वाटते, "माझ्यामुळेच हे घडलं" असे मनाला लागून राहते. चौथी, अंग सतत सावध राहते. झोप येत नाही, जरा आवाज झाला की दचकायला होते, चिडचिड होते.

अपघातानंतरचे पहिले काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत आपोआप ओसरते. महिना उलटून गेला तरी ओसरले नाही, आणि कामधंदा, झोप, नातीगोती यांवर परिणाम होऊ लागला, तर मात्र तो आजार समजावा.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या जुन्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली. जी वाचली त्यांतली कित्येक पुढे बरेच दिवस छपराखाली झोपायला धजत नव्हती. ती माणसे भित्री नव्हती. त्यांनी जे पाहिले होते ते छपरानेच केले होते.

या आजाराचे नाव उशिरा का पडले?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आगगाड्या धावू लागल्या आणि त्यांचे अपघातही होऊ लागले. काही प्रवासी वरून धडधाकट दिसत, पण त्यांची झोप उडालेली असे, गाडीत बसवत नसे, काम होत नसे. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसन यांनी १८६६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पाठीच्या कण्याला हिसका बसल्याने असे होते, असे त्यांचे मत होते. पुढे १८८३ मध्ये रेल्वेकडेच असलेले शल्यचिकित्सक हर्बर्ट पेज यांनी सांगितले की कणा शाबूत असला तरी नुसत्या भयानेही माणूस असा कोलमडू शकतो.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेले शिपाई थरथर कापत, मुके होत. त्याला तोफगोळ्यांचा धक्का असे नाव पडले. पण तशीच लक्षणे घेऊन एखादी बाई आली तर तिला हिस्टेरिया झाला म्हणत, म्हणजे बाईच्या जातीचे नखरे. पुरुषाची भीती रणांगणावरची आणि बाईची भीती स्वभावाची, हा भेद डॉक्टरांच्या मनातही घट्ट बसला होता.

तो हलला दोन बाजूंनी. एकीकडे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले अमेरिकन सैनिक आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर बोलू लागले. दुसरीकडे ॲन बर्जेस या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका आणि लिंडा होमस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ बॉस्टनच्या सरकारी दवाखान्यात बलात्कारानंतर आणलेल्या स्त्रियांना भेटल्या, त्यांचे नीट ऐकून घेतले आणि १९७४ मध्ये ते लिहून प्रसिद्ध केले. झोप उडणे, दचकणे, तीच स्वप्ने, घराबाहेर पाऊल न टाकवणे, अशा त्यांच्या कितीतरी तक्रारी युद्धावरून आलेल्या शिपायांसारख्याच होत्या. १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराला अधिकृत नाव दिले. तेव्हापासून शिपाई, भूकंपातून वाचलेला माणूस, मळणी यंत्रात हात गेलेला शेतकरी आणि स्टोव्हने भाजलेली गृहिणी, सारी एका आजाराच्या खाली येऊ लागली.

बायकांत जास्त, हे खरे का?

खरे आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी तरी मोठा आघात सोसलेले पुरुष शंभरात सुमारे ६१ होते आणि बायका सुमारे ५१. म्हणजे आघात पुरुषांच्या वाट्याला जास्त. पण धसक्याचा आजार झालेले पुरुष शंभरात ५ आणि बायका १० निघाल्या. थेट दुप्पट.

मग प्रश्न आला, दोघांनाही जखमा होऊन दोघेही एकाच दवाखान्यात आले तर काय होते? सॅन डिएगो या अमेरिकन शहरात मोठ्या जखमांसाठी दवाखान्यात दाखल झालेल्या हजारावर रुग्णांची पुढे दीड वर्ष विचारपूस होत राहिली. दवाखाना सोडून सहा महिने झाल्यावर पाहिले तर पुरुषांत शंभरी २९ जणांना आणि बायकांत शंभरी ३९ जणींना हा आजार होता. ही आकडेवारी तिकडची आहे, आपल्या तालुक्याला ती जशीच्या तशी लावू नये. पण बायकांचे पारडे जड, हे निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसले आहे.

असे का, याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. कारणे अनेक आहेत.

पहिले कारण, आघाताची जात. देवाच्या करणीने किंवा यंत्राने झालेल्या जखमेपेक्षा माणसाने मुद्दाम केलेली जखम मनात खोल जाते. त्यातही ओळखीच्या, घरातल्या माणसाने केली असेल तर अधिकच. अशा जखमा आणि लैंगिक अत्याचार बायकांच्या वाट्याला जास्त येतात.

दुसरे, मागचे वण. लहानपणी मार खाल्लेला, पूर्वी एखादा मोठा धक्का सोसलेला माणूस नव्या आघाताने लवकर खचतो. ट्रॉली कलंडण्याच्या आधी कोणाच्या मनावर किती वण होते, हे क्ष-किरणाच्या फोटोत दिसत नाही.

तिसरे, मरण किती जवळ वाटले. जखम मोठी म्हणजे धसका मोठा, असे नसते. हाड मोडलेला माणूस लवकर सावरतो आणि नुसत्या खरचटण्यावर निभावलेली बाई महिनोन् महिने झोपत नाही. "आता मी संपले, पोरे उघडी पडली" असे त्या घटकेला ज्याला वाटले, त्याला धसका बसण्याचा संभव जास्त. म्हणून "एवढंसं तर लागलंय, त्याचं काय बाऊ करतेस?" हे बोलणे अन्यायाचे आहे.

चौथे कारण आपल्या घरातले आहे. दवाखान्यातून आल्यावर कोणाला काय मिळते? आपल्या त्या घरात तो पलंगावर होता. भेटायला माणसे येत होती, नारळपाणी येत होते. आणि ती? एका हाताला प्लास्टर, तर दुसऱ्या हाताने भाकरी थापत होती. दवाखान्यात असतानाही तिचे अर्धे चित्त घरी होते. म्हशीची धार कोण काढत असेल, धाकटा जेवला असेल का. आघातानंतर माणसाला आधार किती मिळाला, यावर त्याचे सावरणे फार अवलंबून असते. आधार देणे हे बाईचे काम आणि आधार घेणे हे पुरुषाचे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे.

पाचवे, शरीराची घडण. स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांचा, म्हणजे अंगात तयार होणाऱ्या रसांचा, भीतीच्या आठवणीशी काही संबंध आहे का, यावर अभ्यास चालू आहे. तो चालू द्यावा. त्यावरून "बाईचे काळीजच कच्चे" असा निकाल कोणी देऊ नये. बाळंतपणाच्या कळा सोसून आठ-पंधरा दिवसांत घरकामाला लागणाऱ्या जातीला कच्चे म्हणणे शोभत नाही.

चुलीपासून पळायचे कुठे?

पुरुषाला बहुधा रस्त्यावर, शेतात, विहिरीवर, यंत्रावर इजा होते. नको असेल तर तो ती जागा काही दिवस टाळू शकतो. बाईला इजा होते ती पुष्कळदा घरातच, चुलीपाशी, स्टोव्हपाशी. भारतात २००१ या एका वर्षात जळून सुमारे १ लाख ६३ हजार माणसे दगावली असावीत, असा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे १ लाख ६ हजार बायका होत्या, आणि बहुसंख्य १५ ते ३४ वयाच्या.

त्यांतून जी वाचते ती घरी येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी, त्याच आगीपुढे बसते. दिवसातून दोन वेळा. ज्योत वर उसळली की छाती धडधडते, पण भाकरी तर करायची असते. हे कोणाला सांगितले तर उत्तर मिळते, "मग काय घरात चूल पेटवायचीच नाही?"

याहून वाईट एक गोष्ट आहे आणि ती लिहिलीच पाहिजे. दवाखान्याच्या कागदावर "स्टोव्हचा भडका" किंवा "पाय घसरून पडली" असे लिहिलेले असते आणि खरे कारण घरातल्याच कोणाचा हात असतो. अशा बाईचा धसका औषधाने कसा जाईल? तिच्या मनातला राखणदार उगाच भुंकत नाही. चोर अजून घरातच आहे. तिथे आधी जिवाची सुरक्षितता, मग मनाचे उपचार. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला. स्त्रियांच्या मदतीसाठी १८१ हा फोन क्रमांक आहे. सरकारने सुरू केलेल्या सखी केंद्रांत वैद्यकीय मदत, पोलीस, वकिलाचा सल्ला आणि तात्पुरता निवारा एका ठिकाणी मिळतो.

म्हणून जखमी बाई दवाखान्यात आली की डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी एकदा तरी नातेवाइकांना बाहेर बसवून तिला एकटीला विचारावे. आणि नातेवाइकांनी त्याचा राग मानू नये. ज्याचे मन स्वच्छ, त्याला बाहेर बसायला काय अडचण?

पुरुषाचा धसका दुसऱ्या वाटेने येतो

बायकांचे प्रमाण जास्त म्हणून पुरुषांचे दुर्लक्षित करावे, असे नाही. सॅन डिएगोतले शंभरी २९ पुरुष म्हणजे काही थोडे नव्हेत. शिवाय अपघातात जखमी होऊन दवाखान्यात येतात ते पुरुषच जास्त.

पुरुषाला लहानपणापासून शिकवलेले असते, "रडतोस काय बायकांसारखा?" मग भीती आली तरी ती भीती म्हणून बाहेर पडत नाही. ती रागातून बाहेर पडते, दारूतून बाहेर पडते, नाही तर "डोकं दुखतंय, छातीत भरून येतंय" अशा तक्रारींतून. कोणी विचारले तर "मला काय झालंय? मी ठणठणीत हाय."

दारूने झोप येते असे वाटते, पण ती झोप तुटकी असते आणि धसका त्याखाली तसाच राहतो. त्यात रात्रभर न झोपलेला माणूस सकाळी कडबा कुट्टीवर किंवा ट्रॅक्टरवर बसला तर दुसरा अपघात दारात उभाच. अमेरिकेतल्या अनेक दवाखान्यांतील जखमी रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात वर्षभरानंतरही पाचांपैकी साधारण एकाला हा आजार होता, आणि ज्यांना तो होता त्यांतले कितीतरी जण कामावर परतू शकले नव्हते. नोकरदाराची रजा भरेल. आपल्याकडे मात्र पेरणी थांबत नाही आणि सोसायटीचा हप्ताही थांबत नाही.

धसक्याचा पंचनामा होत नाही, ही आणखी एक अडचण. महाराष्ट्रात २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन डोळे वा दोन अवयव निकामी झाले तर २ लाख रुपये, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीत त्याची चौकशी जरूर करावी. पण झोप गेली, शेतात पाय टाकवत नाही, याला अनुदान नाही. ते दुखणे घरच्यांनीच ओळखायचे आहे.

घरच्यांनी काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मनाच्या प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचे सार तीन शब्दांत सांगता येईल. पाहा, ऐका, जोडा. त्याला डॉक्टरच असावे लागते असे नाही. शहाणी जाऊ, समंजस भाऊ, आशाताई कोणीही ते करू शकते.

पाहा म्हणजे लक्ष ठेवा. महिना झाला तरी झोप नाही, दचकते, वाट टाळते, चिडतो, पितो, एकटाच बसतो, हे ध्यानात घ्या.

ऐका म्हणजे सवड काढून शेजारी बसा. माणूस बोलू लागला तर मध्ये तोंड घालू नका. "विसरून जा" म्हणू नका. विसरणे हातात असते तर तो केव्हाच विसरला असता. पण "सांग, नेमकं काय काय झालं" असा तगादाही लावू नका. अपघात झाल्या झाल्या माणसाला जबरदस्तीने सारे बोलायला लावल्याने गुण येत नाही, काहींना त्रासच होतो, असे अभ्यासाने दिसले आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे तीच कहाणी पहिल्यापासून सांगायला लावण्याची आपली रीत आहे. ती सोडली पाहिजे.

जोडा म्हणजे योग्य माणसाशी गाठ घालून द्या. त्याचे पुढे सांगतो.

घरातली आणखी काही साधी पथ्ये. बाई दवाखान्यातून आली की तिच्या कामाची वाटणी करा. धार थोरल्याने काढावी, पाणी धाकट्याने भरावे, भाकरी काही दिवस जावेने किंवा शेजारणीने थापावी. झोपायची-उठायची वेळ सांभाळा. झोपेच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणू नका. त्या सवयीच्या होतात, आणि पहिल्या महिन्यात या भीतीसाठी त्या देऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

ज्या गोष्टीची भीती बसली तिच्याकडे हळूहळू परतावे, ओढून नेऊ नये. पहिल्या दिवशी बंद ट्रॅक्टरपाशी नुसते उभे राहावे. काही दिवसांनी तो चालू असताना लांबून पाहावे. मग सोबतीने ओढ्यापर्यंत चालत जाऊन यावे. जनावर बुजले तर आपण त्याला चाबकाने पुलावरून नेत नाही. चुचकारत नेतो. त्रास फार असेल तर हेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.

अंगारा-धुपाऱ्याविषयी. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनाला त्याने धीर येत असेल तर वाद घालू नये. पण भूत काढण्याच्या नावाखाली मारणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे, हा आधीच घाबरलेल्या जिवावर दुसरा आघात आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हाही आहे.

हा आजार बरा होतो

मनावर उपचार म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात डांबणे नव्हे. या आजाराचा मुख्य उपचार बोलण्याचा आहे. जाणकार माणूस आठवड्यातून एकदा, असे काही आठवडे रुग्णाशी बोलतो. टाळलेली आठवण सुरक्षित जागी, बेताबेताने पुन्हा पाहायला शिकवतो. "माझ्यामुळेच झालं" यासारखे विचार तपासून पाहायला लावतो. हळूहळू मनातल्या राखणदाराला कळते की चोर गेला आहे. गरज असेल तर उदासी आणि भीती कमी करणारी औषधेही देतात. ती डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावी, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. तिथे जायला संकोच वाटत असेल तर आधी १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. कोणी "आता जगून काय करायचं" असे बोलू लागले तर उद्यावर टाकू नका. त्याला एकटे सोडू नका, औषध फवारणीचे डबे कुलुपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता पुन्हा आपल्या त्या घरी जाऊ. समजा, एका संध्याकाळी रस्त्याने ट्रॅक्टर गेला आणि तिच्या हातातली वाटी पडली. सासूबाई लिंबू शोधायला उठल्या. तो ओसरीवर बसला होता. रोजच्यासारखा ओरडेल असे पोरांना वाटले. तो ओरडला नाही. जरा वेळाने म्हणाला, "अगं, मला बी त्या ओढ्याची भीती वाटती. म्हणून तर वळसा घालून जातो."

तिने त्याच्याकडे पाहिले. "अवं, मग एवढे दिवस बोलला का न्हाई?"

"कसं बोलायचं? गडीमाणसानं?"

एवढे बोलणे झाले म्हणून आजार बरा होत नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघे मिळून दवाखान्यात जाऊ शकतात, एवढे होते. तिला बाधा झालेली नाही आणि तो नुसता तापट नाही, हे त्या घराला कळते.

आपल्याकडे कोणी दवाखान्यातून घरी आले की गाव भेटायला जाते. ही फार चांगली रीत आहे. जो तो विचारतो, "हात कसा हाय? पाय टेकता येतो का?" यापुढे आणखी एक प्रश्न विचारत चला. बाईला विचारा, तसाच पुरुषालाही विचारा.

"रात्रीची झोप लागते का?"

आणि विचारून झाल्यावर लगेच उठू नका. उत्तर यायला कधी कधी वेळ लागतो.